सोन्नलगीचा अबोल गुराखी

मोहोळ तालुक्यातले वडवळ हे नागेश संप्रदायाचे पीठ. मोहोळ गावातही नागनाथाचे मंदिर आहे. नाथपंथी योग, शिवभक्ती आणि सूफी वळण इथे एकत्र नांदले. अज्ञानसिद्धांसारखे सिद्ध आणि आलमखानासारखा मुसलमान कवी याच परंपरेतले. जगावेगळ्या मनाची आणि योगाची गाठ मात्र सर्वांत ठळक दिसते ती या मुलखातल्या त्याहून जुन्या शिवयोग्यात, सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांत.

बाराव्या शतकात सोलापूरला सोन्नलगी म्हणत. राघवांकाच्या कन्नड 'सिद्धराम चरित्रा'नुसार सुग्गव्वेचा हा मुलगा बोलत नसे, आपल्यातच असे. घरच्यांनी त्याला मंद समजून गुरांमागे पाठवले. रानात जंगमाच्या वेशात श्रीशैलाचा शिव, मल्लिकार्जुन आला. पोराने त्याला हुरडा दिला. जंगमाने पोटात आग पडली म्हणताच तो दहीभात आणायला घराकडे धावला. परतला तर जंगम नाही. मग 'मल्लय्या' हा एकच धोशा, आणि तो धरून पोर थेट श्रीशैलापर्यंत गेले. परत आल्यावर सिद्धरामांनी तीच चिकाटी तलावाच्या खोदकामात, मंदिरात आणि अडुसष्ट लिंगांच्या स्थापनेत ओतली.

शरणांच्या संवादांचा ग्रंथ असलेल्या पंधराव्या शतकातल्या कन्नड 'शून्यसंपादने'त शिवशरण अल्लमप्रभू नेमके यावरच बोट ठेवतो. बांधकामात बुडून जाणे म्हणजे शिवयोग नव्हे, हा त्याचा आक्षेप. पुढे शरणांच्या कल्याणात (आजचे बसवकल्याण) बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णांकडून सिद्धरामांना दीक्षा मिळते.

योगशास्त्राचाही कल असाच आहे. पतंजलीच्या योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. विक्षिप्त चित्तातही मधूनमधून समाधी लागते, पण भाष्यकार तिला योगात धरत नाही. स्वमग्नता (ऑटिझम) किंवा एडीएचडी असलेल्यांना आवडीच्या कामात तहानभूक विसरायला लावणारी तल्लीनता या विक्षिप्त समाधीच्या जवळची. ती लागते आपोआप, सुटते मात्र कष्टाने. योगात अभ्यासाच्या जोडीला वैराग्य येते ते इथेच.

चरित्रातल्या अबोलपणावरून आठशे वर्षांनी निदान करणे अर्थातच पोरकटपणा ठरेल. संतचरित्रे अशा मुलांना हमखास दैवी ठरवतात. मुळात बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनरने स्वमग्न मुलांचे वर्णन छापले तेच १९४३ साली. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगतेच्या २१ प्रकारांत स्वमग्नतेला जागा दिली. एडीएचडी त्या यादीत नाही.