८० वर्षांचे पिंप
३ फेब्रुवारी १९४०. युद्ध सुरू होते. स्कॉटलंडच्या एल्गिन गावात १८९५ साली किराणा दुकान म्हणून सुरू झालेल्या गॉर्डन अँड मॅकफेलचे जॉन अर्कहार्ट आणि मुलगा जॉर्ज यांनी ग्लेनलिव्हेट भट्टीची ताजी दारू शेरीच्या पिंपात भरवून ठेवली. शेरी तेव्हा स्पेनहून पिंपांतूनच ब्रिटनला येई. रिकामी पिंपे अशी कामी येत. तिथल्या थंडीतही दरवर्षी सुमारे २ टक्के दारू उडून जाते. आमच्या गोव्याच्या उष्म्यात ते पिंप केव्हाच कोरडे पडले असते!

२०२० साली त्यातून जेमतेम २५० बाटल्या भरल्या. बापलेक तेव्हा हयात नव्हते. आम्ही कारकून मार्चअखेरपलीकडे पाहत नाही; त्यांनी मात्र नातवंडांसाठी पिंप राखले.