नशीब की चूक?

गेल्या पावसाळ्यात नांदेडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाबा नालीत पडले. झाकण महिनाभरापासून गायब होतं, त्यात वर गुडघाभर पाणी. मनगट मोडलं, प्लेट बसवावी लागली. मी रात्रीच्या गाडीनं पुण्याहून पोचलो, तर बाबांचं एकच, "जाऊ दे रे, नशिबात होतं."

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. आमच्याकडे सर्व्हर बंद पडला की दुसऱ्या दिवशी बैठक बसते. कुठं चुकलं, लक्ष कुणी ठेवायला हवं होतं, हे लिहून काढावं लागतं. कारणाच्या रकान्यात 'नशीब' लिहिता येत नाही. मग नालीच्या बाबतीत हे प्रश्न कोण विचारतं, हे शोधताना मला अपकृत्यांचा कायदा सापडला. वकील त्याला टॉर्ट म्हणतात.

गोष्ट सोपी आहे. गुन्हा झाला तर सरकार शिक्षा मागतं. करार मोडला तर करार दाखवता येतो. पण आपल्यात काहीच कागद नसताना माझ्या निष्काळजीपणानं तुमचं नुकसान झालं तर? १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या पेझली गावात एका बाईला मैत्रिणीनं जिंजर बिअर घेऊन दिली. बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाली, असा तिचा दावा होता. पैसे मैत्रिणीनं दिलेले, म्हणजे बाईचा कुणाशीच करार नव्हता. तरी १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं सांगितलं की बाटली जो पिणार, त्याची काळजी घेणं बनवणाऱ्यावर बंधनकारक आहे. तेव्हापासून निष्काळजीपणाच्या दाव्यात तीन गोष्टी बघतात: काळजी घेणं समोरच्याचं कर्तव्य होतं का, त्यानं ते मोडलं का, आणि नुकसान त्यामुळेच झालं का.

माझी आजी लातूरकडची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्याला ती नशीब म्हणते. कायदाही त्याला दैवी आपत्तीच म्हणतो. जमीन हलली म्हणून दावा कुणावर लावणार? पण नालीचं झाकण भूकंपानं गेलेलं नसतं.

आता आपल्या मराठवाड्यातली गोष्ट. १९६३ साली नांदेडला किंवा लातूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं, औरंगाबादला होतं. तिथल्या रुग्णालयात १० जुलैला चंद्रिकाबाई खोडवा बाळंत झाल्या. १३ तारखेला कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. मग ताप आला, पोटात असह्य दुखू लागलं. १९ तारखेला दुसऱ्या सर्जननं पोट पुन्हा उघडलं, तर आत रक्त टिपायचा टॉवेल राहिलेला. २४ जुलैला त्या गेल्या.

पती अच्युतराव 'नशीब' म्हणून गप्प बसले नाहीत. कुटुंबानं दावा लावला. खालच्या कोर्टानं ३६ हजार रुपयांची भरपाई मंजूर केली, पण उच्च न्यायालयानं ती फिरवली. सरकारी रुग्णालय चालवणं हा राज्याचा सार्वभौम अधिकार आहे, म्हणून सरकार जबाबदार नाही, असं म्हणणं पडलं.

हा सार्वभौम शब्द जुना आहे. राजाची चूक होत नाही, ही त्याची मुळं. १९४७ मध्ये मेरठच्या पोलिसांनी एका व्यापाऱ्याचं सोनं जप्त केलं आणि ठाण्यातला हवालदारच ते घेऊन पाकिस्तानात पळाला. तरी १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्यापाऱ्याला भरपाई नाकारली, कारण अटक आणि जप्ती हे राज्याचं खास काम.

खोडवांच्या खटल्यात मात्र २० फेब्रुवारी १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं वेगळं सांगितलं. रुग्णालय खासगी माणूसही चालवतो, ते कल्याणाचं काम आहे, राजेपणाचं नाही. टॉवेल नेमका कुणाच्या हातून राहिला हे सापडलं नाही तरी चालेल. पोटात टॉवेल सापडला, यातच निष्काळजीपणा दिसतो. आणि नोकराच्या चुकीला मालक जबाबदार, म्हणजे इथं राज्य सरकार. ३६ हजारांचा हुकूम पुन्हा कायम झाला.

बाळाच्या जन्मापासून या निकालापर्यंत साडेबत्तीस वर्षं गेली. रक्कम तीच राहिली, फक्त तेवढ्या काळात रुपया पार उतरला. या कायद्याचं कौतुक करताना हा हिशोब मला विसरता येत नाही. पण तो निकाल आजही वकील दाखवतात. सरकारी दवाखान्यात झालेल्या चुकीसाठी कुणी भांडायला उभं राहतं, तेव्हा अच्युतरावांनी करून ठेवलेली वाट कामी येते.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. नालीचे फोटो, दवाखान्याची बिलं आणि नोटिशीचा मसुदा समोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"झाकण बसवलं का त्यांनी?"

"नाही."

"मग आधी त्याचं लिही. शाळेची लेकरं जातात तिथून. पैशाचं नंतर बघू."