गिअरबॉक्सला पंप कसा लागला

इंजिनाला तेलाचा पंप असतो, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तर पंपाशिवाय जागचा हलत नाही. मॅन्युअल गिअरबॉक्सचं मात्र बहुतेक गाड्यांत आजही पंपावाचून काही अडत नाही. तरीही त्याला बाहेरून पंप जोडायची वेळ आली, त्याची ही कुळकथा.

1891 साली पॅरिसमध्ये एमिल लव्हासोर यांनी पानार-लव्हासोरच्या गाडीत इंजिन पुढे, मग क्लच, मग सरकत्या दातेरी चाकांचा गिअरबॉक्स अशी मांडणी बसवली. ही चाकं सुरुवातीला उघडीच असत. रस्त्यावरची धूळ आणि चिखल थेट दातांत. काही वर्षांतच ती पेटीत बंद झाली, आणि पेटीच्या तळाशी तेल आलं. तेलाची व्यवस्था तेव्हा ठरली ती जवळजवळ तशीच टिकली. खालच्या काउंटर शाफ्टवरचे गिअर तेलात अर्धवट बुडालेले असतात. शाफ्ट फिरला की रहाटगाडग्यासारखे ते तेल वर उचलतात आणि पेटीच्या भिंतींवर भिरकावतात. तिथून ते पन्हळींतून आणि बारीक भोकांतून मेन शाफ्टवरच्या नीडल बेअरिंगपर्यंत उतरतं. वेगळा सुटा भाग नाही, बिघडायला काही नाही. इतकी स्वस्त आणि इतकी भरवशाची वंगणव्यवस्था यंत्रांत क्वचितच सापडते.

1959 च्या मिनीमध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी वेगळीच वाट काढली. जागा वाचवण्यासाठी त्यांनी गिअरबॉक्स इंजिनाखालीच, त्याच्या तेलात बसवला. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत आजही इंजिन आणि गिअर असे एकाच तेलावर चालतात. पण गाड्यांचा मुख्य प्रवाह त्या वाटेनं गेला नाही.

पंपाची गरज पडली ती रेसच्या ट्रॅकवर. गिअर तेल उचलतात तेव्हा ते घुसळतातही, आणि घुसळण म्हणजे उष्णता. त्यात दातांच्या घर्षणाची भर, शेजारून जाणाऱ्या एक्झॉस्टचा ताप वेगळा. रस्त्यावर गाडी मधूनमधून सैल चालते, तेवढ्यात पेटीच्या भिंतींतून उष्णता निघून जाते. ट्रॅकवर ती उसंत मिळत नाही. तेल पातळ होतं, त्याला फेस येतो. जोरदार अ‍ॅक्सिलरेशनमध्ये ते मागच्या बाजूला लोटलं जातं आणि पुढची बेअरिंग उपाशी राहतात. तेल थंड करायला बाहेर कूलर लावावा, तर उडत्या तेलाला दाबच नसतो; कूलरच्या बारीक नळ्यांतून ते जाणार कसं? इथे पंपावाचून गत्यंतर उरत नाही. आधी आली ती कूलरची गरज. पंप त्याच्यामागून आला.

हा पंप स्वतः गाडीपेक्षा कितीतरी जुना. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला प्रागमध्ये असताना योहानेस केप्लर यांनी खाणीतलं पाणी उपसण्यासाठी झडपा नसलेला पंप कल्पिला होता: घट्ट कवचात एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चाकं. ग्रहांच्या कक्षा शोधणाऱ्या माणसानं इतक्या मातीतल्या कामात डोकं घातलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. अशा पंपात द्रव दोन चाकांच्या मधून पुढे जातो असं पाहणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात तो दात आणि कवच यांच्यामधल्या खाचांत बसून बाहेरच्या कडेनं जातो. मधे दात एकमेकांत बसल्यामुळे परतीची वाट बंद होते. म्हणजे गिअर वाचवायला पुन्हा गिअरच धावून आले.

बाहेरून पंप जोडणारे तेल पेटीच्या तळाच्या भोकातून घेतात. आधी जाळी, कारण दातांवरून निघालेला लोखंडाचा कण पंपाला खराब करतो. मग बारा व्होल्टवर चालणारा पंप, मग कूलर, आणि शेवटी वरून तेल थेट दातांच्या मिलनरेषेवर सोडणारी नळी. पंप शक्यतो खाली बसवतात, कारण जाड गिअर ऑइल ढकलणं सोपं, वर ओढून घेणं कठीण. थंडीत तर ते इतकं घट्ट असतं की मोटरवर ताण येऊन फ्यूज उडू शकतो. म्हणून तेल तापल्यावरच पंप सुरू करणारा स्विच लावतात. पाइप आणि कूलर भरल्यावर पेटीतली पातळी खाली जाते. ती पुन्हा पाहून तेल भरलं नाही, तर सगळी खटपट उलटी अंगाशी येते.

पुढे काही कारखान्यांनी पंप पेटीतच घातला. 2013 च्या फोर्ड मस्टँग शेल्बी जीटी500 मधल्या ट्रेमेकच्या सहा गिअरच्या पेटीत तो आतच होता.

तुमची गाडी रोज कचेरीला आणि अधूनमधून घाटात जात असेल, तर यातलं काहीही बसवू नका. पुढच्या सर्व्हिसिंगला गिअर ऑइलची पातळी मात्र आवर्जून तपासायला सांगा, आणि ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर किती चुरा जमलाय तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.