बाहेरचा पाय

साल 1937. औसा निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात आहे. लातूर जिल्हा व्हायला 1982 उजाडायचंय. तुम्ही दहा वर्षांचे आहात. पायात काही नाही, आणि सकाळी सारवलेलं अंगण अजून ओलं आहे. पखवाजी धुमेवर कणीक थापतोय, टाळकऱ्यांचं कडं उभं राहिलंय. नाथ संस्थानाच्या या गावाची ओळख म्हणजे चक्री भजन, गोल फिरत गायचं भजन. थोरांचं पाहून पाहून तुम्हाला वाटतं, येतंच की आपल्याला.

ठेका सुरू होतो आणि तुम्ही उत्साहानं पाय उचलून आपटता.

"आरं, आपटायलास कशाला? टेकव," भजन शिकवणारे बुवा म्हणतात.

टेकवता. तरी चुकतं. बुवा पखवाज थांबवतात आणि सारवणावर उमटलेलं तुमचंच पाऊल दाखवतात. टाच खोल रुतलीय, बोटं जेमतेम उमटलीत. सगळा भार मागं. पुढचं पाऊल टाकायला आधी तो भार पुढं आणावा लागतो, तोवर मात्रा निघून जाते. शेजारच्या म्हाताऱ्या टाळकऱ्याचा ठसा बघा: चवडा अन् टाच सारखीच, रुतलेलं काही नाही.

पाऊल घोटणं फक्त औशातलं नाही. तिकडे पॅरिसात चौदाव्या लुईनं 1661 साली नृत्याची अकादमी काढली. बॅलेतल्या पायांच्या पाच मूळ ठेवणी त्याचा नृत्यगुरू पियेर बोशाँ याच्या नावावर आहेत. तिथली मुलं दांडा धरून 'तांद्यू' घोटतात: पाऊल जमिनीवरून घासत न्यायचं, अंगठ्याच्या टोकापर्यंत ताणायचं, तसंच परत आणायचं. त्या घोटण्याला जग तंत्र म्हणतं. इथल्या घोटण्याला मात्र भाव, तल्लीनता असलीच नावं मिळतात, आणि मला ते पटत नाही. भाव येतो, पण पाय बसल्यावर.

तुम्हाला धरायला दांडा नाही. दोन्ही हात टाळांत अडकलेले. आधार काय तो आठ मात्रांच्या ठेक्याचा आणि पुढच्याच्या पाठीचा.

"खाली काय बघायलास? म्होरं बघ."

कडं प्रदक्षिणेसारखं फिरतंय, मध्य तुमच्या उजव्या हाताला. दोन्ही पाय सारखेच टाकले की तुम्ही सरळ जाता आणि कड्याबाहेर पडता. डावा पाय बाहेरचा. त्यानं अंतर थोडं जास्त कापायचं, वेळ मात्र उजव्याइतकाच घ्यायचा. हे बुवा सांगत नाहीत. ते फक्त तुमच्या डाव्या मांडीवर टिचकी मारतात, प्रत्येक फेऱ्यात, त्याच जागी.

लय चढते. तुम्ही घाबरून ढांगा टाकू लागता आणि पुढच्याच्या टाचेवर आदळता. लय चढली की पाऊल आखूड करायचं असतं.

"पंढरपुरात काय करशील?" बुवा विचारतात. औसेकरांचं चक्री भजन विठ्ठलाच्या देवळातही होतं, आणि लातुरापर्यंत बार्शी लाइटची अरुंद गाडी 1911 सालीच आलीय, त्यामुळे जायची अडचण नाही. "तितं इतभर जागा मिळंल. तेवढ्यातच फिरायचं."

ते चिमटीनं राख सोडत आधीच्यापेक्षा लहान गोल काढतात आणि तुम्हाला आत उभं करतात. पखवाजावर थाप पडते.

"हं, डावा आधी."