पंख्याच्या पात्यावरचं नाव

आमच्या नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ ला, महाशिवरात्रीला, शिवरायांचे सेनापती प्रतापराव गुजर पडले. सात स्वारांची गोष्ट इथल्या पोरासोरांना पाठ आहे. पण सात हा आकडा आला कुठून, असं वर्गात विचारलं की मुलं हमखास कुसुमाग्रजांच्या कवितेचं नाव घ्यायची. आकडा आहे नारायण शेणवी या इंग्रजांच्या दुभाष्याच्या पत्रात. एप्रिल १६७४ च्या त्या पत्रात दोन डोंगरांमधली अरुंद जागा आहे, सेनापती आहे आणि त्याच्यासोबत सहा स्वार. गावाचं नाव मिळतं जेधे शकावलीत. कारीच्या जेध्यांच्या घरातला तो कागद टिळकांच्या हाती आला आणि १९१६ मध्ये छापला गेला. (सहा जणांची जी नावं आपण अभिमानानं सांगतो, ती या दोन्ही ठिकाणी नाहीत. हे बोललं की गावात वाद होतो.)

खिंडीत स्मारक उभं राहिलं, त्याला पैसा मिळाला. कागदांना कुणी दिला, याचा मला कायम नाद.

इंग्रजांची शिवकालीन पत्रं पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानं १९३१ मध्ये छापली. त्याआधी १९३० ला केळकर आणि आपटे यांचा ‘शिवकालीन पत्रसारसंग्रह’ निघाला होता. पण मला जवळचे वाटतात ते मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे. हायस्कुलातले मास्तर. पटवर्धनांच्या दप्तरातली मोडी पत्रं उतरवून काढायची, आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ हप्त्याहप्त्यानं छापायचा. १९२४ ला गेले तोवर बारा खंड झाले होते. एकरकमी मोठा दाता मिळेपर्यंत ते थांबले असते, तर पहिला खंडही निघाला नसता. पुढचा अंक हवा असलेला वाचकच छपाईचा खर्च उचलत होता.

त्या काळातली मराठी पुस्तकं उघडून बघा. मागं आश्रयदात्यांची यादी असते: नाव, गाव, किती प्रती घेतल्या. एखाद्या संस्थानिकाच्या पन्नास, तर खाली कुठल्यातरी मामलेदाराची एक.

ग्रंथालयांची गोष्टही निराळी नाही. कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, देशातला पहिला. राज्याचा कायदा १९६७ चा. त्यातून अनुदान येतं, पण आमच्या वाचनालयाला दारोदार वर्गणी मागणं काही चुकलं नाही. आणि वर्गणी देणाऱ्याला नाव दिसायला लागतं. संगमरवरी फलकावर, कपाटाच्या दारावर, पंख्याच्या तिन्ही पात्यांवर. पंखा फिरायला लागला की नाव जातं, तरी देणाऱ्याची तक्रार नसते.

आता वाचनालयातर्फे घरोघरीचे मोडी कागद स्कॅन करायचे म्हटलं की पहिला प्रश्न हाच: “गुरुजी, नाव कुठं लावणार?” संगणकातल्या पानाला भिंत नाही. मी सांगतो, आश्रयदात्यांची जुनी यादी तशीच्या तशी उचलू; प्रत्येक दप्तराच्या पहिल्या पानावर तुमचं नाव आणि गाव. काहींना पटतं.

मोठा पैसा आहे, नाही असं नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायला लावले, आणि त्या कामांच्या यादीत वारसा आणि ग्रंथालयं आहेत. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञानभारतम्’खाली एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचं काम जाहीर झालं. पण कंपनीकडे जायचं तर नोंदणी, देणगीवरच्या करसवलतीचं ऐंशी-जी प्रमाणपत्र, लेखापरीक्षण. चार कपाटांच्या संस्थेत ते करणार कोण? शिवाय असे पैसे बहुधा एकदाच येतात, यंत्र घेण्यापुरते. यंत्राचं उद्घाटन होतं, फोटो निघतो. पुढं साठवणुकीचं भाडं दर वर्षी, डिस्क काही वर्षांनी बदलायची, आणि वाचल्याशिवाय मोडीचा फोटो म्हणजे नुसता फोटो. सूची करायला माणूस लागतो. जत्रेची वर्गणी दर वर्षी निघते, ती कुणाला जड वाटत नाही. खरेशास्त्र्यांचाही हिशेब तसाच वर्षावर्षाचा होता, म्हणून मी पावतीपुस्तक वार्षिकच छापून घेतलंय.

स्कॅनर द्यायला दोघं तयार आहेत. सूची करणाऱ्या, मोडी शिकलेल्या मुलीच्या पगाराची पावती अजून कुणी फाडलेली नाही.