वेशीवर कोणतं यंत्र?

विंडोज आणि लिनक्स एकाच जोडणीवर चालतील का, असा प्रश्न पालघर-बोईसरच्या घरांतून वारंवार विचारला जातो. तो मुळातच चुकीच्या जागी बोट ठेवतो. दोन्ही प्रणालींना टीसीपी-आयपी सारखंच समजतं आणि तारेवरून जाणारं पॅकेट कुठल्या प्रणालीतून निघालं यावरून त्याला कोणी अडवत नाही. फाइली किंवा प्रिंटर वाटून घ्यायचा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे विंडोजची पद्धत लिनक्सला शिकवावी लागते आणि त्यासाठी अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये सुरू केलेला साम्बा हा प्रकल्प आहे. इंटरनेट वाटण्यासाठी साम्बाची गरज नाही. खरा प्रश्न एवढाच की बाहेरची तार ज्याच्यात येते, ते वेशीवरचं यंत्र कोणतं असावं.

वेस लागते, कारण पत्ता एकच मिळतो. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत, म्हणून घरातल्या प्रत्येक यंत्राला जाहीर पत्ता देणं इंटरनेट कंपनीला परवडत नाही. १९९६ च्या आरएफसी १९१८ ने काही पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यातलेच. समजा, लिनक्सच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.०.१२ आहे आणि त्याने ५१००० या पोर्टवरून रेल्वेचं संकेतस्थळ मागितलं. वेशीवरचं यंत्र त्या पॅकेटवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून स्वतःचा जाहीर पत्ता आणि मोकळा पोर्ट लिहितं आणि ही जोडी आपल्या तक्त्यात नोंदवतं. उत्तर आलं की तक्ता पाहून मूळ पत्ता परत लिहितं. त्याच क्षणी विंडोजच्या संगणकानेही ५१००० हाच पोर्ट वापरला तरी गोंधळ होत नाही, कारण बाहेरचे पोर्ट वेगळे पडतात. लिनक्सची मंडळी याला मास्करेडिंग म्हणतात.

विंडोजमध्ये ही सोय १९९९ च्या विंडोज ९८ दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. एका खुणेवर क्लिक केलं की झालं, हे तिचं बलस्थान. पण ती आतल्या नेटवर्क कार्डाला स्वतःच ठरवलेला पत्ता देते. एक्सपीपर्यंत तो १९२.१६८.०.१ असे. मोडेमही त्याच मालिकेत पत्ते वाटत असेल तर दोन्ही बाजूंना एकच जाळं दिसतं आणि पॅकेट कुठे जावं हेच ठरत नाही. विंडोज ७ पासून तो पत्ता १९२.१६८.१३७.१ झाला आणि ही टक्कर बरीचशी टळली. पुढे विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून आणखी एक अडचण आली. चार मिनिटं वाहतूक नसली की ही सेवा थांबते आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ती आपणहून उठत नाही. त्यासाठी रजिस्ट्रीत वेगळी नोंद करावी लागते.

लिनक्समध्ये पॅकेट पुढे पाठवण्याची क्षमता गाभ्यातच असते, मात्र सहसा बंद ठेवलेली. ती चालू करून मास्करेडचा एक नियम घातला की काम होतं. आजच्या डेस्कटॉपवर तर नेटवर्क मॅनेजरमध्ये ‘इतर संगणकांना वाटा’ हा पर्याय निवडला की आतल्या कार्डाला १०.४२.०.१ पत्ता मिळतो आणि पत्ते वाटणारी सेवाही सुरू होते. विंडोजच्या संगणकाला फक्त ‘पत्ता आपोआप घ्या’ असं सांगायचं.

माझं मत लिनक्सच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण इथल्या विजेत आहे. ठाणे-पालघरच्या ग्रामीण पट्ट्याने २००५ नंतरची काही वर्षं भारनियमनात काढली. बोईसर-तारापूरला वीज निर्माण करणारं अणुकेंद्र १९६९ पासून आहे, तरी पावसाळ्यात शेजारच्या वस्त्यांची वीज आजही जाते. घरातला एक माणूस रात्रपाळीला, दुसरा झोपलेला, मुलाचा ऑनलाइन अर्ज अर्धवट भरलेला. अशा वेळी वीज परत आल्यावर कोणी हात न लावता उभं राहील तेच यंत्र वेशीवर हवं. विंडोजमध्ये पीपीपीओई, म्हणजे नाव आणि परवलीचा शब्द देऊन कंपनीशी लागणारी जोडणी, साधारणपणे कोणी लॉगइन केल्याशिवाय लागत नाही. लिनक्समध्ये ती यंत्र सुरू होतानाच लागते आणि तुटली तर पुन्हा लागत राहते. बायोसमध्ये ‘वीज आल्यावर सुरू हो’ हा पर्याय निवडायला मात्र विसरू नये.

पीपीपीओईची एक खोड नीट समजून घ्यायला हवी, कारण तिचा दोष हमखास लिनक्सच्या माथी मारला जातो. इथरनेटवरून १५०० बाइटचं पॅकेट जातं. बीएसएनएलच्या तांब्याच्या तारेवर पीपीपीओईचं ८ बाइटचं वेष्टण त्यातच बसवावं लागतं, म्हणून उरतात १४९२. वेशीवरच्या यंत्राला हे ठाऊक असतं. आतल्या संगणकाला नसतं. तो सर्व्हरला आपली मर्यादा इथरनेटच्या हिशेबाने कळवतो. सर्व्हर १५०० बाइटचं पॅकेट ‘तोडू नका’ अशा शेऱ्यासह पाठवतो आणि ते वाटेत अडतं. ‘लहान करून पाठवा’ हा निरोप मधल्या एखाद्या फायरवॉलने गिळला की सर्व्हर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. घरात याचं लक्षण विचित्र दिसतं: पिंग चालतं, हलकी पानं उघडतात, पण बँकेचं पान अर्ध्यावर पांढरं राहतं. उपाय वेशीवरच आहे. जोडणी जुळतानाच कळवली जाणारी मर्यादा १४६० वरून १४५२ वर आणणारा नियम आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये घालायचा. आतल्या एकाही संगणकाला हात लावावा लागत नाही.

आता अनेक घरांत फायबर आणि राउटर आहे, म्हणजे वेशीवर बहुधा लिनक्सच बसलेला असतो. असंख्य घरगुती राउटर लिनक्सवरच चालतात. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जीचा स्रोत २००३ मध्ये खुला झाल्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची प्रणाली जन्मली ती याच पायावर. पण अनेक कंपन्या ग्राहकाला स्वतःचा जाहीर पत्ताच देत नाहीत. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात दिसला तर कंपनीकडेही एक मास्करेड आहे असं समजावं. मग विरारला लोकलमध्ये बसून पालघरच्या घरातल्या संगणकाशी थेट जोडणं शक्य होत नाही, राउटरमध्ये पोर्ट कितीही उघडले तरी.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीत प्रत्येक यंत्राला स्वतःचा जाहीर पत्ता मिळतो आणि पत्ते बदलण्याची गरज उरत नाही. गाळण्याची गरज मात्र राहते. आयपीटेबल्सचे जुने नियम या आवृत्तीला लागू होत नाहीत. तिचे नियम आयपी६टेबल्समध्ये वेगळे लिहावे लागतात. ज्यांनी जुना संगणक वेशीवर ठेवला आहे त्यांनी ते आधी तपासावेत, नाहीतर एक दार बंद आणि शेजारचं सताड उघडं अशी स्थिती असते.