स्थळाची साक्ष : साहित्यातील परिसर आणि महाडचे चवदार तळे

त्रिपिटकाच्या अभ्यासकाला एक गोष्ट आरंभीच जाणवते. सुत्त दीर्घ असो वा लहान, बहुधा त्याच्या प्रारंभी स्थळाचा निर्देश असतो. भगवान त्या समयी कोठे विहार करीत होते, नगर कोणते, आराम कोणाचा, हे सांगितल्यावाचून उपदेशाला आरंभ होत नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात पहिल्या संगीतीचा वृत्तान्त आला आहे. तेथे ब्रह्मजाल सुत्ताविषयी महाकस्सप आनंदांना जो पहिला प्रश्न विचारतात तो आशयाविषयी नसून स्थळाविषयी आहे. राजगृह आणि नालंदा यांच्या दरम्यान, अम्बलट्ठिका येथील राजागारात, असे उत्तर आनंद देतात. वचन कोठे उच्चारले गेले हे ज्याला सांगता येते, त्याच्या कथनाला साक्षीचे मोल प्राप्त होते, ही जाणीव या पद्धतीमागे आहे.

आपल्याकडील साहित्यचर्चेत कथानक, पात्रे आणि विचार यांना अग्रस्थान मिळते. स्थळाची गणना 'वातावरणनिर्मिती' या सदराखाली शेवटी होते. नाटकातील रंगविलेल्या पडद्याप्रमाणे स्थळ म्हणजे मागे असणारी एक शोभा, अशी समजूत त्यातून रूढ झाली. ही समजूत किती अपुरी आहे, हे बौद्ध साहित्यातील दोन उदाहरणांवरून ध्यानात येईल.

सामञ्ञफल सुत्तात पौर्णिमेच्या रात्री राजा अजातशत्रू जीवकाच्या आम्रवनात येतो. वनात साडेबाराशे भिक्षू आहेत, असे त्याला सांगितलेले असते. परंतु तेथे कोणाच्या शिंकेचा वा खोकल्याचाही आवाज नाही. त्या निःशब्दतेने राजा भयभीत होतो. आपल्याला शत्रूच्या हाती तर दिले जात नाही ना, अशी शंका त्याला येते. पित्याचा वध करून सिंहासनावर बसलेल्या माणसाचे अंतःकरण येथे एका शब्दाच्याही वर्णनावाचून उघडे होते. ते काम त्या वनाने केले आहे.

दुसरे उदाहरण दिव्यावदानातील शार्दूलकर्णाच्या कथेचे. श्रावस्तीजवळ पाणी भरणाऱ्या प्रकृती नावाच्या मातंगकन्येकडे आनंद पिण्यास पाणी मागतात. ती आपली जात सांगते. आपण जात विचारली नसून पाणी मागितले आहे, अशा आशयाचे उत्तर ते देतात. रवीन्द्रनाथ ठाकूरांनी १९३३ साली 'चंडालिका' हे नाटक याच कथेवरून रचले. हा प्रसंग राजवाड्यात किंवा विहारात घडता, तर त्याची धार बोथट झाली असती. तो पाणवठ्यावर घडतो. कारण जातिव्यवस्थेची खरी सीमारेषा पाण्याच्या काठावरच आखलेली असते.

ही दृष्टी घेऊन महाड-पोलादपूर परिसराकडे पाहावे. कोकण म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे समुद्र, पुळण आणि नारळी-पोफळीच्या बागा उभ्या राहतात. हा प्रदेश त्या चित्रात बसत नाही. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री सह्याद्री उतरून पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्रास मिळते. वर घाटवाटा आणि जावळीचे रान, खाली खाडीच्या शिरोभागी वसलेली जुनी बाजारपेठ, अशी ही रचना आहे. पावसाळ्यात अतोनात पाऊस आणि उन्हाळ्यात डोंगरवाड्यांवर पाण्याची वणवण, हे येथील वार्षिक चक्र होय.

या भूमीने साहित्याला पूर्वीही आकार दिला आहे. 'शिवभारत' या संस्कृत काव्याचे कर्ते कवींद्र परमानंद यांची समाधी पोलादपूर येथे आहे. त्यांच्या काव्यातील अफझलखानाच्या प्रसंगातून जावळीचे अरण्य वगळले, तर तो प्रसंग कळणारच नाही. कारण खानाच्या सैन्याला त्या रानात उतरविणे हाच त्या संग्रामाचा गाभा होता.

त्याहून प्राचीन साक्ष महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांची. डोंगराच्या कड्यात सुमारे तीस बौद्ध लेणी कोरलेली आहेत. कुमार काणभोअ विण्हुपालित याच्या दानलेखात लेणे, चैत्यगृह आणि भिक्षूंच्या खोल्या यांच्याबरोबर पाण्याच्या टाक्यांचाही निर्देश आहे. पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हणतात. ज्या भूमीवर पाणी देणे हे धम्मदान म्हणून पाषाणावर कोरले गेले, त्याच भूमीवर, तेथून जवळच, शतकानुशतकांनंतर माणसाला पाण्यापासून दूर ठेवणे हा धर्म मानला गेला. हा विरोध कोणा कवीने कल्पिलेला नाही. तो त्या परिसरातच वास करून आहे.

१९२३ साली सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठ्यांविषयीचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले तळे अस्पृश्यांस खुले केले. प्रत्यक्षात मात्र तळे बंदच राहिले. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली, तेव्हा जमलेल्या हजारो लोकांसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, असे धनंजय कीर यांनी बाबासाहेबांच्या चरित्रात नमूद केले आहे. भरलेले तळे गावात आणि परिषदेत विकतचे पाणी! या एका तपशिलात जो अर्थ भरला आहे तो दहा विशेषणांत मावणार नाही. २० मार्च रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक गावातून तळ्याकडे गेली आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्राशन केले. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी वावडी उठविण्यात आली आणि परतणाऱ्या निःशस्त्र प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह परिषद भरली, तेव्हा मंडपासाठी जागा मिळेना. अखेर फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघून दासगाव बंदरी उतरले. २५ डिसेंबरच्या भाषणात त्यांनी या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली आणि कोकणातील एका गावाला जगाच्या इतिहासात स्थान दिले. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. न्यायालयाचा मनाई हुकूम असल्यामुळे पाणी घेण्याचा कार्यक्रम स्थगित झाला. तथापि लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली. पाण्यास स्पर्श न करता त्याला घातलेली ती फेरी म्हणजे आपल्या हक्काच्या जागेची केलेली नोंदच होती.

यानंतरचा संघर्ष न्यायालयात चालला आणि तेथे तर स्थळ हाच वादाचा विषय झाला. तळे खासगी की सार्वजनिक? अस्पृश्यांना वर्ज्य करण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे काय? १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला. त्या निर्णयात चवदार तळ्याचे साधे वर्णन आहे: विस्तार चार ते पाच एकर, चहूबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे सवर्ण हिंदूंची आणि काही मुसलमानांची घरे, काठावर त्यांचे घाट व पायऱ्या आणि जवळपास अस्पृश्यांचे एकही घर नाही. वादींना आपली वहिवाट अनादी असल्याचे सिद्ध करता आले नाही आणि त्यांचे अपील फेटाळले गेले. न्यायमूर्तींच्या लेखणीला साहित्यनिर्मितीचा हेतू नव्हता; परंतु घरे कोणाची, पायऱ्या कोणाच्या आणि कोणाचे घर तेथे नाही, हे सांगताच अवघी समाजरचना त्या नकाशात उभी राहिली.

चवदार तळ्यावर गीते, जलशे, कविता आणि नाट्यप्रसंग विपुल लिहिले गेले व आजही लिहिले जातात. त्यांनी समाजात स्वाभिमान जागविला, याबद्दल कृतज्ञता असावी. तथापि एक धोका दिसतो. 'चवदार' हा शब्द हळूहळू केवळ प्रतीक होत चालला आहे. पाण्याला आग लागते, लाटा गर्जतात. पण ते तळे कोणत्या गावात, त्याच्या काठी कोणाची घरे, मिरवणूक कोठून आली आणि परतताना लोकांवर काय गुदरले, हे पुसट होते. प्रतीक सर्वांना सोयीचे असते. त्याला कोणीही हार घालू शकतो. स्थळ तितके सोयीचे नसते, कारण ते प्रश्न विचारते. अन्यायाचा पत्ता हरवला की अन्याय करणाराही हरवतो आणि उरतो तो केवळ उत्सव.

म्हणून या विषयावर लिहू इच्छिणाऱ्या तरुण लेखकाने प्रथम महाडला जावे. दासगाव ते महाड हे अंतर पायी चालावे. अस्पृश्यतेवर १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिणाऱ्या गोपाळ बाबा वलंगकरांचे रावढळ याच तालुक्यात आहे, ते पाहावे. तळ्याला एक फेरी घालून काठावरची घरे आणि पायऱ्या निरखाव्यात, गांधारपाल्याच्या डोंगरावर चढून टाक्यांतील पाणी पाहावे आणि मग लेखणी हाती घ्यावी. संगीतीतील थेरांनी आनंदांना विचारलेला तो पहिला प्रश्न आपल्यालाही लागू आहे. हे कोठे घडले, याचे उत्तर ज्या साहित्याजवळ आहे, त्याचीच साक्ष पुढील पिढ्या ग्राह्य धरतील.